अर्ज कोण करणार? माहितीपट, सरकारी पैसा आणि आपण

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेनंतर माहितीपट उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



बडोद्यातील जुन्या मराठी घरांवर मंडळाने एक माहितीपट करावा आणि त्यासाठी सरकारी अनुदान मिळवावे, असा ठराव मागच्या सभेत झाला. ठरावाच्या पहिल्या अर्ध्या भागाला टाळ्या पडल्या. दुसरा अर्धा भाग उपसमितीच्या गळ्यात पडला. उपसमितीत आम्ही तिघे. एक निवृत्त शिक्षिका, एक लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे सभासद, आणि आज तुमच्यापुढे जो उभा आहे तो बँकेतला कारकून, बी.कॉम. तेव्हा आम्ही बोलणार आहोत ते कलेविषयी नाही, पैशाविषयी.

बँकेत वीस-बावीस वर्षे कर्जाचे अर्ज हाताळल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते. अर्जदाराची गरज किती खरी आहे यावर मंजुरी ठरत नाही; त्याने काय कागद आणला यावर ठरते. सरकारी अनुदानाचेही तसेच आहे. आपला इतिहास थोर आहे हे सर्वांना मान्य आहे, पण थोरवीच्या नावाने धनादेश निघत नाही. तो निघतो नोंदणीकृत अर्जदाराच्या नावाने.

मागच्या सभेत तीन वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू आली, त्यांचा आधी निकाल लावू. पहिले वाक्य: "आता मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पैसा येईल." ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तो दर्जा दिला, आपण पेढेही वाटले. पण त्या दर्जाचा रोख भाषेच्या अभ्यासाकडे, संशोधनाकडे, ग्रंथांकडे आहे. त्यात चित्रपटाचे खाते नाही.

दुसरे वाक्य: "मराठी आहे ना, मग महाराष्ट्र सरकार देईल." महाराष्ट्राची मराठी चित्रपटांसाठीची मदत जुनी आहे. करमणूक कर परत देण्यापासून तिची सुरुवात झाली, पुढे तिचे थेट अनुदान झाले. गेल्या दशकातल्या नियमांप्रमाणे परीक्षण समिती गुण देई, 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख मिळत. ऐकून आपल्या सभेत डोळे चमकले होते. पण ही मदत तयार झालेल्या, प्रमाणपत्र घेतलेल्या कथापटाला आहे. म्हणजे आधी घर बांधा, मग येऊन गृहकर्ज मागा. ज्याच्याकडे आधीच निर्माता आहे त्याच्यासाठी ती योजना उत्तम आहे. आपला पाऊण तासाचा माहितीपट तिच्या चौकटीत येत नाही.

तिसरे वाक्य जरा चढ्या आवाजात आले: "आपण इथे अडीचशे-तीनशे वर्षे राहतो, कर भरतो, गुजरात सरकारने द्यायलाच हवे." गुजरातने २०१६ साली गुजराती चित्रपटांसाठी दर्जानुसार अनुदान आणले. अ, ब, क, ड अशा श्रेणी आणि ५० लाखांपासून ५ लाखांपर्यंत रकमा. योजना चांगली आहे आणि तिच्या काळात गुजराती चित्रपट पुन्हा उभा राहिला हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण ती गुजराती भाषेसाठी आहे, आणि राज्याने आपल्या राजभाषेसाठी योजना करणे यात वावगे काही नाही. २०२२ साली सिनेमॅटिक टुरिझम धोरण आले. ते भाषेचे नाही, पर्यटनाचे आहे. मोठी युनिटे यावीत, हॉटेले भरावीत, इथल्या जागा पडद्यावर दिसाव्यात असा त्याचा हिशेब आहे. सुरसागरच्या काठी दोन दिवस कॅमेरा लावून आपण त्या हिशेबात बसू असे आम्हाला वाटत नाही.

गोव्याकडे पाहा. तिथल्या सरकारच्या चित्रपट साहाय्यात कोकणीबरोबर मराठीलाही जागा मिळाली आहे, कारण तिथे मराठीला घरातले मानण्यासाठी लोक वर्षानुवर्षे झगडले. आपली, आणि इंदूर, हैदराबादच्या बांधवांची, गोष्ट वेगळी आहे. आपण ज्या राज्यात आहोत त्याची भाषा आपली नाही, आणि ज्या राज्याची भाषा आपली आहे त्याचे आपण रहिवासी नाही. राज्यघटनेचे कलम २९ आपल्याला भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क देते. तो हक्क अमूल्य आहे. मात्र तो तिजोरीवरचा हक्क नव्हे. यावर निवेदन द्यावे, मोर्चा काढावा, खासदारांना भेटावे, हे सर्व मंडळाने जरूर करावे. पण ते काम वेगळे आणि अनुदानाचा अर्ज वेगळा. अर्जात गाऱ्हाण्यासाठी रकाना नसतो.

आता थोडे मागे जाऊ, कारण चित्रपटाला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास इथल्या कलाभवनात शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट कमी सांगतो. १९१२ साली विलायतेला जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या. परत आल्यावर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवे होते आणि कुणी देईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याची रोजची वाढ टिपली आणि मिनिटभराची चित्रफीत तयार केली. ती सावकाराला दाखवली आणि कर्ज मिळाले. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर त्यात सगळे आले: तारण आहे, स्वतःचा हिस्सा आहे आणि कामाचा नमुना आहे. आजही कुठलीही निधी देणारी संस्था पहिल्यांदा हेच विचारते की तुम्ही आधी काय केले आहे ते दाखवा. आपल्याकडे दाखवायला काय आहे? गणेशोत्सवाच्या सीडी. त्या आम्ही पाहिल्या. तासभर दीपप्रज्वलन आहे.

दुसरे उदाहरण इथून तासाभरावरच्या आणंदचे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ साली आला. त्याची पटकथा लिहिणाऱ्यांत विजय तेंडुलकर होते. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत चित्रपट झाला. २०२४ साली तोच चित्रपट नवा करून कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात सरकारी अनुदानाची वाट पाहिली गेली नाही, सहकारी संघाच्या हिशेबातून पैसा उभा राहिला. आपल्या मंडळाचे सभासद पाच लाख नाहीत हे खरे. पण पाच लाख रुपये उभे करण्याइतके नक्की आहेत.

दिल्लीकडे वळू. चित्रपटासाठी सरकारने पैसा द्यावा ही कल्पना पाटील समितीच्या १९५१ च्या अहवालातून पुढे आली आणि १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले. नावातच फायनान्स आहे: ते कर्ज देई. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' अशाच पैशातून १९६९ साली झाला. पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आले आणि 'जाने भी दो यारों'सारखे चित्रपट त्याने काढले. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन, बालचित्रपट समिती, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे सर्व या महामंडळात विलीन झाले. त्यामुळे माहितीपटासाठी केंद्राकडे जायचे तर दार हेच. महामंडळ वेळोवेळी प्रस्ताव मागवते. पटकथा, दिग्दर्शकाची टिपणी, सविस्तर अंदाजपत्रक आणि आधीचे काम लागते. स्पर्धा देशभरातल्या शिकलेल्या लोकांशी असते.

आणि एक लक्षात ठेवावे. कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा मालक निर्माता असतो. महामंडळाने पूर्ण पैसा घातला तर निर्माते ते. मग आपल्या आजीची मुलाखत कुठे दाखवायची, कुठली वाक्ये काढायची, हे ते ठरवतील. आमच्या शिक्षिका भगिनींनी उपसमितीत विचारले, "१९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा घराघरात काय बोलले गेले, १९६० साली मुंबई राज्य फुटले तेव्हा आपण नक्की कुणाकडे पाहिले, मराठी माध्यमाच्या शाळांत पोरे का कमी होत गेली, हे सगळे सरकारी पैशाच्या चित्रपटात राहील का?" राहीलही. सरकारी पैशातून धीट माहितीपट झालेले आहेत. पण राहील की नाही हे आपण ठरवू शकणार नाही, इतके नक्की. आमच्या मते या माहितीपटात हाच भाग महत्त्वाचा आहे. लक्ष्मी विलास राजवाड्याचे चित्रण कुणीही करील.

म्हणून उपसमितीने कामाचे दोन भाग केले. हा आमचा मुख्य प्रस्ताव आहे, कृपया नीट ऐकावा.

पहिला भाग संशोधनाचा. जुन्या मंडळींच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित करणे, घरोघरच्या छायाचित्रांच्या आणि पत्रांच्या संगणकीय प्रती करणे, त्यांची सूची आणि शेवटी एक प्रदर्शन. यासाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान योजना आहे. ती चित्रपटासाठी नाही. संशोधन, प्रदर्शने, परिसंवाद यांसाठी मात्र आहे. नोंदणीकृत संस्थांना खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, साधारणतः कमाल ५ लाख रुपये मिळतात, अपवाद म्हणून २० लाखांपर्यंत. उरलेले २५ टक्के आपले. चित्रपटाला संशोधनाचा मुखवटा घालून अर्ज करावा असे आम्ही सुचवत नाही. जे खरोखर संशोधन आहे तेवढ्याचाच अर्ज. दुसरा भाग माहितीपटाचा. तो मंडळाने सभासदांच्या पैशातून करावा, म्हणजे मालकी आपली राहील.

आता आकडे. पहिल्या भागाचा खर्च ४ लाख धरला आहे. ७५ टक्के म्हणजे ३ लाख अनुदान, १ लाख आपले. कार्यकारिणीतले एक सदस्य लगेच म्हणाले, "एक लाख तर दिवाळी अंकाच्या जाहिरातींतून निघेल." थांबा. अनुदान एकरकमी येत नाही. आधी तीन चतुर्थांश येते, म्हणजे २ लाख २५ हजार. उरलेले ७५ हजार काम संपवून, तपासलेले हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. पण कॅमेरावाला, स्कॅनिंगवाला आणि प्रदर्शनाचा सुतार ७५ हजारांसाठी थांबणार नाहीत. म्हणजे आपल्या खात्यात १ लाख नव्हे, १ लाख ७५ हजार तयार हवेत. हा फरक ज्यांनी आधी ओळखला नाही त्या संस्थांचे काम शेवटच्या टप्प्यात बंद पडते, मग उपयोगिता प्रमाणपत्र जात नाही, मग दुसरा हप्ता येत नाही आणि पुढच्या वेळी त्यांचा अर्ज उघडलाही जात नाही. दुसऱ्या एका शहरातल्या मराठी संस्थेचे असे झालेले आम्हाला माहीत आहे. नाव सांगत नाही, पण त्यांच्या कपाटात चाळीस कॅसेटी अजून पडून आहेत.

अनुदानासाठी वेगळे बचत खाते उघडावे. मंडळाच्या चालू खात्यात, गणपतीच्या वर्गणीशेजारी, ते ठेवू नये. सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे अनुदानावर मिळालेले व्याजही सरकारचे असते, ते परत भरावे लागते. वेगळे खाते असले की हा हिशेब पाच मिनिटांत होतो, नसले की सनदी लेखापाल आपल्याला पाच वेळा बोलावतो. बिले पक्की घ्यावीत. "आपलाच माणूस आहे, बिल कशाला" हे वाक्य या प्रकल्पापुरते विसरावे.

अर्जदार कोण? हे आपण अजून ठरवलेलेच नाही. मंडळाच्या जागेत तीन संस्था नांदतात: मंडळ, वाचनालय आणि मंदिराचा न्यास. धार्मिक संस्था आणि सार्वजनिक वाचनालये या योजनेत येत नाहीत, तेव्हा उरते मंडळ. मंडळाच्या घटनेतील उद्दिष्टे आम्ही वाचली. त्यात 'मराठी बांधवांत ऐक्य वाढवणे' आहे, 'नाट्यप्रयोग करणे' आहे, 'गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य' आहे. संशोधन, दस्तऐवजांचे जतन आणि दृकश्राव्य निर्मिती नाही. घटनादुरुस्ती करून धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद करावी लागेल, आणि ते काम एका फेरीत होत नाही. शिवाय नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर नोंद, आयकर खात्याकडील नोंदणी, तीन वर्षांचे तपासलेले ताळेबंद. शेवटची गोष्ट आपल्याकडे चोख आहे, त्याबद्दल आजवरच्या कोषाध्यक्षांना नमस्कार.

परदेशातल्या मुलांचा विषय दर सभेत निघतो. "माझा मुलगा न्यू जर्सीहून एक लाख पाठवील." अत्यंत आनंदाने, पण आधी एक विचारावे: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड असले तरीही, तो पैसा परदेशी ठरतो. त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. मंडळाकडे ती नोंदणी नाही. एका पुतण्याच्या प्रेमापोटी मंडळाची नोंदणी अडचणीत येऊ नये.

आमच्यातल्या तरुणांसाठी एक वेगळी वाट आहे, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. संस्कृती मंत्रालय दरवर्षी कनिष्ठ आणि वरिष्ठ प्रत्येकी २०० पाठ्यवृत्ती देते. दोन वर्षे, दरमहा १० हजार किंवा २० हजार. २५ ते ४० वयाला कनिष्ठ, चाळिशीनंतर वरिष्ठ. ही व्यक्तीला मिळते, संस्थेला नाही. बडोद्याच्या कीर्तनपरंपरेवर किंवा इथल्या संगीत नाटकांवर ज्याला मनापासून काम करायचे आहे त्याने अर्ज करावा. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खासगी संस्थाही संशोधनाला आणि कलाप्रकल्पांना मदत करते, आणि तिथे अर्ज कोणत्याही भारतीय भाषेत, म्हणजे मराठीतही करता येतो. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांनी हे टिपून ठेवावे.

हक्कांविषयी थोडक्यात. घरातले छायाचित्र आपल्याकडे आहे म्हणून त्याचा हक्क आपला, असे नेहमी नसते. आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतले असेल तर हक्क काढवून घेणाऱ्याचा, वेगळा करार नसेल तर. छायाचित्राला छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर आणि ध्वनिमुद्रिकेला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण असते. नाट्यपदाचा कवी जाऊन शतक झाले तरी रेकॉर्ड नवी असेल तर तिची परवानगी लागते. पार्श्वभूमीला सर्रास गाणी लावायची सवय आपल्या चित्रीकरणवाल्या बंधूंनी सोडली आहे, असे ते म्हणतात.

आता वेळेचा मुद्दा. आज अर्जाची तयारी सुरू केली तरी घटनादुरुस्ती, नोंदी, अर्ज, छाननी, मंजुरी यात वर्ष सहज जाईल. आणि मंजुरीच्या आधी केलेला खर्च अनुदानात दाखवायचा नाही, असे आम्ही धरून चाललो आहोत. उपसमितीने ऐंशी वर्षांवरील मंडळींची यादी केली होती. विलीनीकरणाचा दिवस ज्यांना आठवतो, कचेरीत मोडीतले कागद ज्यांनी वाचले आहेत, अशी माणसे. त्या यादीतली तिघे या आठ महिन्यांत गेली. एका आजींकडे आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. तिसऱ्यांदा कॅमेरा घेऊन येतो म्हटले होते.

तेव्हा उपसमितीची मागणी अशी आहे. यादीतल्या पहिल्या बारा मुलाखती मंडळाने स्वतःच्या निधीतून येत्या दोन महिन्यांत करून घ्याव्यात आणि त्यांचा एक रुपयाही अनुदानाच्या हिशेबात धरू नये. त्यासाठी ६० हजार मंजूर करावेत. कॅमेरा सभासदांचाच आहे, खर्च ध्वनीचा, दिव्यांचा, साठवणीच्या दोन हार्ड डिस्कचा आणि रिक्षांचा आहे. याच मुलाखतींतून पाच मिनिटांचा नमुना तयार होईल. तो अर्जासोबत जाईल, म्हणजे दीपप्रज्वलनाची सीडी पाठवायची वेळ येणार नाही. त्याच बरोबर घटनादुरुस्तीसाठी विशेष सभेची तारीख आजच ठरवावी. कोरम लागतो, आणि नवरात्रात कोरम होत नाही हे सर्वांना ठाऊक आहे.

काहींनी सुचवले आहे की एखाद्या मंत्र्यांचे शिफारसपत्र जोडावे. आमचे मत विरुद्ध आहे. छाननीत त्याला गुण नाहीत, आणि पुढच्या निवडणुकीत ते पत्र आपल्याला कुणाच्या मंडपात नेऊन बसवील ते सांगता येत नाही. मंडळात सर्व पक्षांचे सभासद आहेत, आणि मुलाखती देणारेही सर्व मतांचे आहेत. त्यांनी मोकळेपणाने बोलावे असे वाटत असेल तर अर्जाच्या पाकिटात फक्त अर्जच असावा.

संमतिपत्रांचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत, मराठीत आणि गुजरातीतही, कारण अनेक घरांतल्या सुना आणि नातवंडांना गुजराती वाचणे सोपे जाते. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कुणी आहे त्यांनी आजच नाव, पत्ता आणि दुपारी कुठल्या वेळेला ते ताजेतवाने असतात ते लिहून द्यावे. जुने अल्बम आणू नयेत, आम्ही घरी येऊन प्रती करू. आता ६० हजारांचा ठराव अध्यक्षांनी मताला टाकावा, अशी विनंती करून आम्ही खाली बसतो.